पगार तोच, हुद्दा तोच

२६ सप्टेंबर १९९७ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस इथल्या ‘टेनेसी यार्ड’ या रेल्वे यार्डात शीला व्हाइट या कामगार स्त्रीला तिच्या रोडमास्टरने, म्हणजे रूळ देखभाल विभागाच्या अधिकाऱ्याने, एकाच बैठकीत दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की ज्या फोरमनविरुद्ध तुम्ही तक्रार केली होती त्याची चौकशी झाली. त्याला दहा दिवसांसाठी निलंबित केलं आहे आणि लैंगिक छळासंबंधीच्या प्रशिक्षणालाही पाठवणार आहोत. दुसरी अशी, की आता फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलून नेणारी गाडी, तुम्ही चालवायची नाही. रुळांवरचं साधं मजुरीचं काम तेवढं करायचं.

तक्रार खरी ठरली तीही त्याच बैठकीत, आणि तक्रारदाराच्या हातातलं बरं काम गेलं तेही त्याच बैठकीत. पुढे जवळपास नऊ वर्षं या बैठकीवरून आणि तिच्यानंतर आलेल्या एका निलंबनावरून कोर्टबाजी चालली. ‘बर्लिंग्टन नॉर्दर्न अँड सांता फे रेल्वे कंपनी विरुद्ध व्हाइट’ या नावाने २२ जून २००६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. छळाची तक्रार केल्यावर होणाऱ्या सूडाच्या कारवाईचं मोजमाप तिथे आजही याच निकालाच्या पट्टीने होतं.

अशा प्रकरणांचा एक ठरलेला साचा आपल्या डोक्यात असतो. बाई तक्रार करते, कंपनी ती दडपते, छळ करणारा मोकाट सुटतो आणि बाईची नोकरी जाते. इथे यातलं काहीच घडलं नाही. कंपनीने तक्रार ऐकली आणि फोरमनला शिक्षाही केली. व्हाइट यांची नोकरी गेली नाही, पगाराचा दर घटला नाही, हुद्दा बदलला नाही. हजेरीपट आणि पगारपत्रक एवढंच समोर ठेवलं असतं तर ‘यात बिघडलं काय?’ असंच कुणीही विचारलं असतं. कंपनीच्या वकिलांनीही तेच विचारलं. म्हणून हे प्रकरण मला उघड अन्यायाच्या गोष्टींपेक्षा जास्त कामाचं वाटतं. मुरलेला अधिकारी डूख धरतो तेव्हा कागद स्वच्छ ठेवूनच धरतो.

यार्डातलं काम

जून १९९७ मध्ये व्हाइट यांची मुलाखत याच रोडमास्टरने घेतली होती. त्यांनी आधी फोर्कलिफ्ट चालवली आहे हे कळल्यावर त्याला त्यात रस वाटला. नेमणूक मात्र ‘ट्रॅक लेबरर’ म्हणून झाली. रुळांचे भाग काढायचे, नवे बसवायचे, सामान वाहायचं, रुळांकडेची झुडपं तोडायची, सांडलेला माल आणि कचरा उचलायचा, असं हे काम. आपल्या रेल्वेच्या बोलीत गँगमनचं. त्या यार्डातल्या रूळ देखभाल विभागात व्हाइट या एकट्याच स्त्री कामगार होत्या.

त्या रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या कामगाराने दुसरं काम मागून घेतलं आणि रोडमास्टरने लगेच ती जबाबदारी व्हाइट यांच्याकडे दिली. मजुरीची इतर कामंही त्या अधूनमधून करत, पण मुख्य काम फोर्कलिफ्टचं. नेमणूकपत्रावर ‘लेबरर’, प्रत्यक्षात चालक. कागदावरचं पद आणि हातातलं काम यांच्यातली ही फट पुढे खटल्यात फार महत्त्वाची ठरली.

सप्टेंबरमध्ये व्हाइट यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. त्यांचा थेट वरिष्ठ असलेला फोरमन त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवत होता की या विभागात बायकांचं काम नाही. शिवाय पुरुष सहकाऱ्यांसमोर त्यांच्याविषयी अपमानास्पद, अश्लाघ्य बोलत होता. कंपनीने अंतर्गत चौकशी केली आणि वर सांगितलेली शिक्षा दिली. इथपर्यंत कंपनीला नावं ठेवायला जागा नाही. काही आठवड्यांत तक्रारीचा निकाल लावणाऱ्या कंपन्या तेव्हाही थोड्या होत्या.

मग फोर्कलिफ्ट का काढून घेतली? रोडमास्टरने कारण दिलं ते सहकाऱ्यांच्या नाराजीचं. फोर्कलिफ्टचं काम कमी कष्टाचं आणि स्वच्छ. न्यायाने पाहिलं तर ते एखाद्या ज्येष्ठ पुरुष कामगाराला मिळायला हवं, असं बाकीच्यांचं म्हणणं आहे, असं त्याने सांगितलं.

या कारणापाशी मी जरा थांबतो, कारण ते अगदीच पोकळ नाही. अमेरिकन रेल्वेत ज्येष्ठतेला मोठा मान आहे. कोणतं काम कुणाला मिळणार याचे वाद तिथे ज्येष्ठतेवरूनच होतात. तीन महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाकडे सोपं काम गेलं तर कुरबुर होणारच, मग तो पुरुष असो वा स्त्री. कंपनीला हे मनापासून पटलं असण्याचीही शक्यता मी नाकारत नाही. पण ज्येष्ठता जूनमध्येही होती. फोर्कलिफ्ट दिली तेव्हा जो नियम आठवला नाही तो फोरमनला शिक्षा झाल्याचं सांगताना आठवला. आणि ‘ज्येष्ठ कामगार’ एवढं म्हणून भागलं असतं, तिथे ‘पुरुष’ हा शब्दही आलाच.

आणखी एक बारकावा. काम काढून घेणारा माणूस छळ करणारा नव्हता. फोरमन तर शिक्षा भोगत होता. फोर्कलिफ्ट काढून घेतली ती व्हाइट यांना नोकरीवर घेणाऱ्या आणि ती फोर्कलिफ्ट त्यांच्या हाती देणाऱ्या रोडमास्टरनेच. तक्रारीमुळे आपल्या विभागात चौकशी आली, एक फोरमन दहा दिवस कामावरून गेला, गडी कुजबुजायला लागले, या सगळ्याचा त्रास त्यालाच. सूडाची कारवाई व्हायला सूडाची भावनाच लागते असं नाही; विभाग पुन्हा शांत व्हावा एवढी इच्छाही पुरते, आणि शांतता मिळवायचा सर्वांत सोपा रस्ता एकट्या बाईवरून जातो. रोडमास्टरच्या मनात नेमकं काय होतं ते सिद्ध झालेलं नाही. हा माझा अंदाज आहे. पण तक्रारीनंतरचा त्रास अनेकदा आरोपीकडून न येता मधल्या अधिकाऱ्याकडून येतो, हे या प्रकरणात लख्ख दिसतं.

आयोगाकडे धाव, मग बिनपगारी निलंबन

१० ऑक्टोबरला व्हाइट यांनी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार नोंदवली. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली नोकरीतल्या भेदभावाचा दावा थेट कोर्टात नेता येत नाही. आधी या आयोगाच्या दारातून जावं लागतं, तेही १८० दिवसांत, आणि बहुतेक राज्यांत ३०० दिवसांत. फोर्कलिफ्ट काढून घेणं म्हणजे स्त्री म्हणून केलेला भेदभाव आहे आणि आधीच्या तक्रारीचा सूडही आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी आयोगाकडे दुसरी तक्रार दिली : रोडमास्टरने माझ्यावर पाळत ठेवली आहे, माझ्या रोजच्या हालचाली टिपल्या जात आहेत. ही तक्रार ८ डिसेंबरला टपालाने रोडमास्टरकडे रवाना झाली.

त्यानंतर काही दिवसांतच एक क्षुल्लक वाद झाला. व्हाइट यांनी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कोणत्या ट्रकमधून जायचं यावरून त्यांच्या तेव्हाच्या थेट वरिष्ठाशी त्यांचं वाजलं. नेमकं कोण काय बोललं याबद्दल शेवटपर्यंत दोन बाजू राहिल्या. त्या दुपारी वरिष्ठाने रोडमास्टरला सांगितलं की व्हाइट यांनी हुकूम मानला नाही. रोडमास्टरने तिथल्या तिथे त्यांना निलंबित केलं, तेही बिनपगारी.

व्हाइट यांनी कंपनीच्या अंतर्गत तक्रार निवारणाकडे दाद मागितली. तिथे कंपनीनेच निष्कर्ष काढला, की त्यांनी हुकूम मोडलेला नव्हता. त्यांना कामावर परत घेतलं आणि निलंबनाच्या ३७ दिवसांचा पूर्ण पगार दिला. या निलंबनाबद्दल त्यांनी आयोगाकडे आणखी एक तक्रार नोंदवली.

ते ३७ दिवस कसे गेले हे त्यांनी साक्षीत सांगितलं. परत घेतील की नाही, घेतलं तर कधी, याचा पत्ता नाही. घरात पैसा नाही. आणि त्याच दिवसांत नाताळ. आयुष्यातला सर्वांत वाईट नाताळ, असं त्या म्हणाल्या. मन इतकं खचलं की डॉक्टरी उपचार घ्यावे लागले.

‘नुकसान झालंच कुठे?’

प्रकरण संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात ज्यूरीपुढे उभं राहिलं. ज्यूरीने लिंगाधारित भेदभावाचा दावा मान्य केला नाही. सूडाच्या कारवाईचा दावा मात्र दोन्ही बाबतींत, म्हणजे काम बदलण्याच्या आणि निलंबनाच्याही, मान्य केला. भरपाई ठरली ४३,५०० डॉलर. त्यातले ३,२५० डॉलर औषधपाण्याचे.

एकच ज्यूरी, तेच साक्षीदार, आणि एक दावा पडला, दुसरा टिकला. ऐकायला विचित्र वाटतं, पण कायद्यात यात विसंगती नाही. ‘मला स्त्री म्हणून हे काम नाकारलं’ हा एक मुद्दा. ‘मी तक्रार केली म्हणून मला हे भोगावं लागलं’ हा वेगळा. दुसरा सिद्ध करायला पहिला सिद्ध व्हावा लागत नाही. तक्रार करताना ती खरी आहे असं मानायला वाजवी आधार हवा, इतकंच. तो नसला तर संरक्षणही नाही : २००१ च्या क्लार्क काउंटी शाळा जिल्ह्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका सुट्या शेऱ्यावरून केलेली तक्रार त्या कसोटीला उतरत नाही असं म्हटलं होतं. माझ्या मते छळाबद्दल बोलायला कचरणाऱ्या माणसाला या कायद्यातली सर्वांत आधी समजायला हवी अशी गोष्ट हीच. मूळ आरोप शाबित झाला नाही म्हणून तक्रारदाराला धडा शिकवायचा परवाना कुणाला मिळत नाही.

कंपनी अपिलात गेली. तिचे दोन युक्तिवाद होते आणि दोन्ही वरवर बिनतोड होते.

पहिला : फोर्कलिफ्ट चालवणं आणि रुळांवर मजुरी करणं ही दोन्ही कामं ‘ट्रॅक लेबरर’ या एकाच पदाच्या वर्णनात मोडतात. पगार तोच, हुद्दा तोच. एका पदातल्या एका कामावरून दुसऱ्या कामावर पाठवणं ही शिक्षा कशी? दुसरा : निलंबन कंपनीनेच मागे घेतलं आणि पै न पै चुकती केली. मग हानी उरली कुठे?

अमेरिकेत संघराज्याची अपील न्यायालयं ‘सर्किट’ नावाच्या विभागांत वाटलेली आहेत. सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयात २००२ मध्ये आधी एका छोट्या पीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मग पूर्ण पीठाने तो रद्द करून २००४ मध्ये व्हाइट यांचा विजय कायम केला. पण कसोटी कोणती लावायची यावर त्या न्यायाधीशांचंही एकमत झालं नाही. देशभरातही तीच स्थिती होती. काही सर्किट म्हणत, कामावरून काढणं किंवा बढती नाकारणं अशी निर्णायक कारवाई असेल तरच तो सूड. काही म्हणत, नोकरीच्या अटींवर परिणाम झाला पाहिजे. सातवं सर्किट आणि राजधानीचं सर्किट यांची कसोटी बरीच सैल होती : वाजवी कामगार तक्रार करायला बिचकेल, असं काही घडलं का? म्हणजे एकाच कायद्याचं कलम टेक्सासमध्ये एक बोलत होतं आणि शिकागोत दुसरं. हा गुंता सोडवायला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेतलं. गंमत म्हणजे खुद्द सरकारचे सॉलिसिटर जनरल अरुंद कसोटीच्या बाजूने उभे राहिले, तर सरकारच्याच समान रोजगार संधी आयोगाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत आधीपासून रुंद कसोटी होती.

प्रेक्षक कोण?

निकाल न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी लिहिला. आठ न्यायमूर्ती त्या निकालपत्राच्या बाजूने होते. नववे, सॅम्युअल अलिटो, निष्कर्षाशी सहमत होते पण कारणांशी नाही.

ब्रायर यांनी सुरुवात कायद्याच्या शब्दांपासून केली. भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमात नोकरीवर घेणं, काढणं, मोबदला, नोकरीच्या अटी आणि सवलती असे शब्द आहेत. सूडाला मनाई करणाऱ्या कलमात ते नाहीत. आणि हा फरक मुद्दाम ठेवलेला असणार, कारण दोन्ही कलमांचा हेतू वेगळा. माणूस कोण आहे, म्हणजे त्याचा वंश, धर्म, लिंग काय, यावरून त्याला इजा होऊ नये हा पहिल्या कलमाचा हेतू. माणसाने काय केलं, म्हणजे तक्रार केली, साक्ष दिली, यावरून त्याला इजा होऊ नये हा दुसऱ्याचा. आणि माणसाला गप्प करायला नोकरीच्याच अटींना हात लावावा लागतो असं नाही. निकालात याची दोन उदाहरणं आहेत : एकात भेदभावाची तक्रार केलेल्या एफबीआयच्या एजंटला आणि त्याच्या पत्नीला एका कैद्याने जिवे मारण्याची धमकी दिली असता एफबीआयने त्या धमकीचा तपासच केला नाही, दुसऱ्यात मालकाने माजी कर्मचाऱ्यावर खोटे फौजदारी आरोप दाखल केले. यात पगारपत्रकावर एक रेघही बदलत नाही.

म्हणून कसोटी ठरली ती अशी : केलेली कृती इतकी प्रतिकूल आहे का, की तिच्यामुळे एखादा वाजवी कामगार भेदभावाची तक्रार करण्यापासून किंवा दुसऱ्याच्या तक्रारीला पाठिंबा देण्यापासून परावृत्त झाला असता?

या कसोटीत बघण्याची जागाच बदलते. आतापर्यंत कोर्ट विचारत होतं, या बाईचं काय गेलं? आता प्रश्न झाला, हे पाहून यार्डातली दुसरी बाई, किंवा पुढच्या वर्षी येणारी, काय शिकली असती? सूडाच्या कारवाईला प्रेक्षक असतातच. आणि ‘पाठिंबा देण्यापासून’ हे शब्द मला तितकेच मोलाचे वाटतात; कारण छळाच्या प्रकरणात तक्रारदार एकवेळ धीराने उभी राहते, साक्षीदार मात्र पहिल्या झटक्याला गळतात.

कामबदलाबद्दल न्यायालयाने जे म्हटलं ते कुठल्याही कारखान्यातल्या माणसाला पटावं. जवळजवळ प्रत्येक नोकरीत काही कामं नकोशी असतात आणि काही बरी. तक्रार करणाऱ्याला नाउमेद करायचं तर नकोशी कामं त्याच्या वाट्याला जास्त टाकायची, हा साधा उपाय आहे. दोन्ही कामं एकाच पदाच्या वर्णनात बसतात म्हणून तो उपाय निर्दोष होत नाही. इथे तर पुरावा स्पष्ट होता : रुळांवरचं काम जास्त कष्टाचं आणि घाणीचं, फोर्कलिफ्टला जास्त पात्रता लागे, म्हणून तिला मान होता, आणि व्हाइट यांच्याकडे ते काम आहे याचा पुरुष सहकाऱ्यांना राग होता. इथे कंपनीचंच कारण तिच्या अंगाशी आलं. हे काम बरं आहे म्हणून ज्येष्ठाला द्यायला हवं, असं एकदा म्हटल्यावर ते काढून घेतल्याने काही बिघडलं नाही, असं म्हणायची सोय राहत नाही.

निलंबनाबद्दल न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की पगार परत मिळाला हे खरं, पण ते कुटुंब ३७ दिवस बिनपैशाने जगलं. महिनाभर पगाराविना काढणं ही बहुतेकांसाठी मोठी अडचण असते. तक्रार केली तर अनिश्चित काळ घरी बसावं लागेल हे कळल्यावर, शेवटी पैसे मिळणार असले तरी, कितीजण तोंड उघडतील? शिवाय १९९१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून मानसिक त्रासासारख्या नुकसानीची भरपाई याचसाठी आणली होती. निव्वळ थकीत पगार दिला की हिशोब मिटला, असं त्यानंतर म्हणता येत नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण या निकालाचा हवाला देताना ती हमखास निसटते. काम बदललं ते तक्रारीमुळेच का, निलंबन केलं ते आयोगाच्या पत्रामुळेच का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नव्हताच. तो ज्यूरीने आधीच व्हाइट यांच्या बाजूने सोडवला होता. वॉशिंग्टनमध्ये वाद होता तो एवढाच, की झालेली हानी कायद्याने दखल घ्यावी इतकी मोठी आहे का.

अलिटो यांची शंका

अलिटो यांनी वेगळं मतपत्र लिहिलं. त्यांच्या मते कसोटी नोकरीशी निगडित ठोस कारवाईचीच हवी होती, आणि त्या कसोटीवरही व्हाइट जिंकल्याच असत्या. पण बहुमताच्या कसोटीवरचा त्यांचा एक आक्षेप विचार करायला लावतो. ‘वाजवी कामगार बिचकला असता का’ असं विचारायचं, तर त्याला आधी किती मोठा भेदभाव सोसावा लागला तेही पाहावं लागेल. ज्याचा छळ भयंकर होता तो छोट्यामोठ्या सूडाला भीक न घालता तक्रार करणारच. मग त्याच्यावरचा तो सूड कसोटीत बसणार नाही. ज्याचा छळ किरकोळ होता तो चटकन बिचकेल, म्हणून त्याला संरक्षण जास्त. हे उफराटं आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय हा ‘वाजवी कामगार’ आहे तरी कोण? त्याचं वय, लिंग, घरच्या जबाबदाऱ्या धरायच्या की सोडायच्या?

बहुमताचं उत्तर असं, की आपण कृतीकडे पाहतो, मूळ भेदभावाच्या तीव्रतेकडे नाही. पण संदर्भ महत्त्वाचा. कामाच्या वेळा बदलल्या तर अनेकांना फरक पडणार नाही. शाळकरी मुलांच्या तरुण आईला मात्र फार पडेल. साहेबाने जेवायला बोलावलं नाही ही सहसा किरकोळ गोष्ट; पण प्रशिक्षणासाठीच्या साप्ताहिक जेवणातून एखादीला वगळलं आणि बढतीची वाट तिथून जात असेल, तर ती किरकोळ राहत नाही. मला ही उदाहरणं पटतात, तरी अलिटो यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर त्यात मिळत नाही. आईची परिस्थिती धरायची तर भित्र्या माणसाचा भित्रेपणा का नाही धरायचा? रेषा कुठे ओढायची हे खालच्या कोर्टांवर सोडलं गेलं.

जे बाहेर राहिलं

कायदा कामाच्या ठिकाणचा सभ्यपणा शिकवायला नाही, असं न्यायालयाने बजावलं. किरकोळ अपमान, छोटे त्रास, साधं सौजन्य नसणं यांना संरक्षण नाही. वरिष्ठांनी किंवा सहकाऱ्यांनी तोंड फिरवणं, टाळणं हेही सहसा याच खात्यात जातं.

माझी हरकत इथे आहे. सहकाऱ्याच्या छळाची तक्रार केल्यावर जे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त घडतं ते हेच. जेवणाच्या टेबलाभोवती अचानक जागा नसते. कामाचा निरोप शेवटच्या क्षणी कळतो. ‘त्याच्या बायकापोरांचा विचार केलास का?’ असं विचारणारे भेटतात. यातली एकेक गोष्ट कोर्टात नेली तर हसं होईल. सगळ्या मिळून माणूस राजीनामा देतो. व्हाइट यांच्या बाबतीत सहकाऱ्यांची नाराजी अधिकाऱ्याच्या आदेशात उतरली म्हणून ती कायद्याच्या हाती लागली. ती आदेशात न उतरता हवेतच राहिली असती, तर या प्रकरणाला कधी क्रमांकही मिळाला नसता. घटना एकत्र करून पाहिल्या तर त्या कसोटीला उतरू शकतात, असा युक्तिवाद वकील करतात आणि काही न्यायाधीश ऐकतातही. पण त्यासाठी तक्रारदाराकडे तारीखवार नोंदी हव्यात. एकटं पडलेल्या माणसाला त्या ठेवायचं भान सहसा उशिराच येतं.

व्हाइट यांच्याकडे तारखा होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या. फोरमनच्या शिक्षेची बैठक २६ सप्टेंबरची. आयोगाचं पत्र ८ डिसेंबरला रवाना झालेलं, निलंबन त्यानंतर काही दिवसांत. आणि सर्वांत वजनदार कागद कंपनीचाच : हुकूम मोडला नव्हता, हा तिचाच निष्कर्ष. अंतर्गत दाद मागून काय होणार, तिथे सगळे त्यांचेच, असं म्हणून त्या गप्प बसल्या असत्या तर हा कागद जन्मालाच आला नसता.

नंतरची वीस वर्षं

२००६ च्या कसोटीचा आधार घेऊन कक्षा वाढत गेली. २००९ मध्ये नॅशव्हिलच्या प्रकरणात न्यायालयाने एकमताने सांगितलं, की स्वतः तक्रार न करता अंतर्गत चौकशीत विचारल्यावर छळाची माहिती देणाऱ्या कर्मचारी स्त्रीलाही संरक्षण आहे. २०११ मध्ये एका पोलाद कंपनीचं प्रकरण आलं. तिथे एका स्त्रीने आयोगाकडे तक्रार केली आणि कंपनीने तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, जो तिथेच कामाला होता, काढून टाकलं. आपल्या माणसाची नोकरी जाईल हे माहीत असेल तर वाजवी कामगार बिचकेलच, हे न्यायालयाला उघड वाटलं.

मग २०१३ मध्ये दार अर्धं ओढून घेतलं गेलं. टेक्सासमधल्या एका वैद्यकीय विद्यापीठाच्या प्रकरणात, नासर यांच्या दाव्यावर, पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं, की सूडाच्या दाव्यात तक्रार हे अनेक कारणांपैकी एक असून भागणार नाही; तक्रार नसती तर ही कारवाई झालीच नसती, इतकं सिद्ध करावं लागेल. व्हाइट यांना आज उभं राहावं लागलं असतं तर ज्येष्ठतेचं कारण त्यांना अधिक जड गेलं असतं. सहकाऱ्यांची कुरबुर तक्रारीआधीपासून होती असं कंपनीने दाखवलं असतं, तर ज्यूरी कुठे झुकली असती हे सांगणं कठीण.

दरम्यान आयोगाकडे येणाऱ्या तक्रारींत सूडाची तक्रार हा सर्वांत मोठा प्रकार झाला. २०२० साली एकूण तक्रारींपैकी ५५ टक्क्यांहून अधिक तक्रारींत हा आरोप होता.

आणि २०२४ मध्ये एक चमत्कारिक वळण आलं. सेंट लुइसच्या एका महिला पोलिस सार्जंटची गुप्तवार्ता विभागातून गणवेशातल्या कामावर बदली झाली. हुद्दा तोच, पगार तोच. गेली ती घरी नेता येणारी गाडी, ठरलेल्या वेळा आणि कामाचं वजन. भेदभावाच्या दाव्यासाठी अशा बदलीने ‘काहीतरी’ हानी झाली एवढं दाखवलं की पुरे, ती मोठी असायची गरज नाही, असं न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलं. सूडाच्या दाव्याला मात्र २००६ ची ठळक हानीची अट कायम ठेवली, कारण त्या अटीचं काम माणूस बिचकेल की नाही हे तपासण्याचं आहे. २००६ मध्ये सूडाचं कलम भेदभावाच्या कलमापेक्षा रुंद ठरलं होतं. आता पगार आणि हुद्दा न बदलता झालेल्या बदलीपुरतं हानीचं माप उलटं झालं आहे. एकच बदली ‘मी स्त्री म्हणून’ असं म्हटलं तर कमी हानीवर कोर्टात टिकते आणि ‘मी तक्रार केली म्हणून’ असं म्हटलं तर जास्त हानी दाखवावी लागते. म्हणून तिथले वकील अशा प्रकरणात आता दोन्ही दावे सोबत लावतात, जसे व्हाइट यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये आयोगापुढे लावले होते.